कॉफीचा धंदा करायचा तर आधी दाणा ओळखा

गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात कॉफीची दुकाने निघू लागली आहेत. परभणी शहर तर सोडाच, तालुक्याच्या गावीही काचेचा दरवाजा, मंद दिवे आणि इंग्रजी पाटी असे दुकान नजरेस पडते. त्यांत आपल्या समाजातील नौजवानांची दुकाने पुष्कळ आहेत. कोणी आईचे दागिने मोडून, कोणी वडिलांच्या फंडाच्या रकमेतून, तर कोणी आखातात पाच-सात वर्षे राबून आणलेल्या पुंजीतून ही दुकाने उभी केली. नोकरीची वाट पाहत बसण्यापेक्षा मुले धंद्यात उतरतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु यांतली काही दुकाने वर्ष-दीड वर्षात बंद पडलेलीही आम्ही पाहिली. खुर्च्या-टेबले अर्ध्या किमतीत गेली आणि मशीन घरात धूळ खात पडले. ज्या घराची पुंजी अशी गेली त्या घराला ती पुन्हा उभी करायला किती वर्षे लागतात, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको.

आम्ही कापडाचे व्यापारी. कॉफीविषयी लिहिण्याचा यांना काय अधिकार, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर एवढेच की, माल कोणताही असो, तिजारतीचा कायदा एकच आहे. ज्याला माल ओळखता येतो तो व्यापारी. ज्याला ओळखता येत नाही तो दुसऱ्याच्या मालाचा हमाल. कॉफीच्या धंद्यात आपली मुले पाटी, फर्निचर आणि मशीन विकत घेत आहेत. दाणा, भट्टी आणि चव शिकत नाहीत. नुकसानीचे मूळ येथे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा माल परका नाही

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. 'कहवा' हा शब्द शाळेपासून ओळखीचा होता, पण कहवा म्हणजे मुळात कॉफी, हे फार उशिरा कळले. (काश्मिरी कहवा हा चहाचा प्रकार, ती गोष्ट वेगळी.) पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी मंडळी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहावे म्हणून हे पेय घेत. तेथून ते मक्का, कैरो आणि इस्तंबूलला पोहोचले. १५११ साली मक्केच्या हाकिमाने, खैर बेगने, त्यावर बंदी घातली. ती कैरोच्या सुलतानाने फिरवली. पुढे लंडनमध्ये एडवर्ड लॉइड याच्या कॉफीच्या दुकानात जहाजांचे मालक आणि व्यापारी बसू लागले आणि त्या बैठकीतून लॉइड्सचा जगप्रसिद्ध विम्याचा कारभार उभा राहिला. म्हणजे कॉफीची बैठक आणि व्यापार यांचे नाते जुने आहे.

आम्हा कापडवाल्यांसाठी तर यात आणखी एक दुवा आहे. येमेनच्या मोखा बंदरात हिंदुस्तानचे सुती कापड उतरत असे आणि त्याच्या बदल्यात कॉफी व चांदी जहाजांत भरली जात असे. सुरतेचे मुल्ला अब्दुल गफूर हे १७१८ साली वारले. त्यांची स्वतःची जहाजे तांबड्या समुद्राकडे जात. दख्खनच्या वाटेवरील बुऱ्हाणपूरचे कापडही सुरतेमार्गे परदेशी जाई. आपल्या बापजाद्यांनी कापड देऊन कॉफी घेतली, ती डोळे झाकून घेतली नसणार.

आपल्या देशात कॉफीचे झाड आले तेही एका सूफी बुजुर्गामुळे, असे परंपरा सांगते. सतराव्या शतकात बाबा बुडन हजहून परतताना येमेनमधून सात बिया घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या. तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि तेथे हिंदू-मुसलमान दोघेही जातात. २०१९ साली बाबाबुडनगिरीच्या अरेबिका कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले. पैठणीला जसे पैठण-येवल्याचे नाव कायद्याने जोडले गेले, तसेच हे.

मग ओळख का तुटली?

महाराष्ट्रात कॉफी होतच नाही असे नाही. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याच्या डोंगरावर, सुमारे ११०० मीटर उंचीवर, इंग्रजांच्या काळापासून थोडी कॉफी होते. पण ती थोडीच. देशात वर्षाला साडेतीन लाख टनांच्या आसपास कॉफी होते, तिच्यातली सुमारे सत्तर टक्के एकट्या कर्नाटकात. आपल्या काळ्या जमिनीत आणि मे महिन्याच्या उन्हात हे झाड जगणार नाही, तेव्हा दाणा बाहेरूनच आणावा लागणार.

तो आजवर आपल्यापर्यंत का आला नाही, याचे कारण वयस्कर वाचकांना लगेच समजेल. आपल्याकडे १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, व्यापाऱ्याने मध्ये यायचे नाही. कॉफीचेही तसेच होते. १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्ड आले आणि बागायतदाराने सगळा माल बोर्डाच्या साठ्यात द्यायचा, लिलाव बोर्डाने करायचा, असा नियम झाला. लोकांना कॉफीची गोडी लागावी म्हणून १९३६ साली मुंबईत चर्चगेटला इंडिया कॉफी हाउस निघाले होते. अशी कॉफी हाउसे पुढे अनेक शहरांत झाली. बोर्डाने ती बंद करायला घेतली तेव्हा कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती चालवली. परंतु परभणीसारख्या गावात कॉफी म्हणजे किराणा दुकानातली इन्स्टंट पावडरची बाटली, एवढीच ओळख राहिली. घरात कोणी आजारी असले, लग्नात थंडी असली, तर दुधात ती पावडर, साखर आणि वर जायफळ किसून. ती कॉफी आम्हालाही आवडते. पण तिच्यात दाण्याची ओळख होण्याचा प्रश्नच नव्हता.

१९९२ नंतर बोर्डाची पकड सैल होत गेली आणि १९९६ पर्यंत बागायतदाराला आपला माल कोणालाही विकण्याची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान उघडले, हा योगायोग नव्हे. मोकळीक मिळताच कर्नाटकातल्या व्यापाऱ्याने तिचा उपयोग केला. तीच मोकळीक परभणीच्या व्यापाऱ्यालाही होती आणि आहे. नांदेडहून बंगळूरला जाणारी गाडी परभणी-गंगाखेडवरूनच जाते. आम्ही साड्यांसाठी सुरतेला, सुतासाठी भिवंडी-मालेगावला जातो, तसे दाण्यासाठी चिकमगळूरला किंवा कोडगूला जाणारा माणूस आपल्याकडे हवा.

भट्टीचे गणित

कच्चा दाणा हिरवट-करडा असतो आणि त्याला वाळल्या गवताचा वास येतो. त्यात ओल साधारण दहा ते बारा टक्के असते. त्याला भट्टीत फिरवत उष्णता दिली की आधी ओल जाते, दाणा पिवळा पडतो आणि भाजत्या भाकरीसारखा वास येतो. मग तो तपकिरी होतो. १९५ ते २०० अंशांच्या सुमारास लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज होतो. याला पहिली तडक म्हणू. येथून पुढे कॉफी पिण्याजोगी होते. २२५ अंशांच्या आसपास दुसरी, बारीक तडक ऐकू येते. दाणा काळपट होतो आणि त्याच्यावर तेल सुटू लागते. सगळे काम दहा ते पंधरा मिनिटांचे. भट्टीतून काढला की वाऱ्यावर ताबडतोब थंड करायचा, नाहीतर आतल्या आत भाजतच राहतो.

आपल्या गावात भडभुंजाची भट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही. फुटाणे भाजणारा माणूस घड्याळ पाहत नाही. कान, नाक आणि वाळूचा ताव यांवर काम करतो. कॉफीची यंत्रे आता उष्णता आकड्यांत दाखवतात, पण कान आणि नाक यांना अजून पर्याय नाही. घाईने मोठी आच दिली तर दाणा वरून भाजतो आणि आत कच्चा राहतो. पेल्यात गवताची चव येते. मंद आचेवर फार वेळ ठेवला तर दाणा आतून कोरडा पडतो आणि चव बसते.

फार काळा भाजण्याचीही एक खोड आहे. कापडात ज्या थानाला डाग असतात किंवा धागा उणा-पुरा असतो, ते गडद रंगात रंगवतात, हे आमच्या धंद्यातले गुपित नाही. कॉफीतही हलका, किडका, जुना दाणा काळा जाळला की त्याचे दोष जळकेपणाखाली झाकले जातात. गिऱ्हाईकाला वाटते, कडू आहे म्हणजे कडक आहे. चांगला दाणा मध्यम भाजूनही बाजारात उभा राहतो.

यात हिशेबाची एक गोष्ट प्रत्येक मुलाने पाठ करावी. भाजताना दाण्याचे वजन साधारण १४ ते २० टक्क्यांनी घटते. किलोभर कच्चा दाणा घेतला तर हातात ८०० ते ८६० ग्रॅम येतो. ही घट ज्याने धरली नाही त्याचा भाव पहिल्या दिवसापासून चुकला.

आता ताजेपणा. भाजलेल्या दाण्यातून काही दिवस वायू बाहेर पडत असतो, म्हणून तीन-चार दिवस थांबून वापरलेला बरा. त्यानंतर तीन-चार आठवडे दाणा चांगला राहतो. दळल्यावर मात्र त्याचा सुगंध काही दिवसांतच उडतो. नव्या दुकानदाराची खरी ताकद येथे आहे. मोठ्या कंपनीची पूड कारखान्यातून गोदामात, गोदामातून एजन्सीत आणि तेथून दुकानात येईपर्यंत महिने जातात. परभणीत रविवारी भाजलेला दाणा परभणीतच गुरुवारी पेल्यात पडू शकतो. एवढी एक गोष्ट कोणतीही मोठी कंपनी आपल्या गावात करू शकत नाही. म्हणून पाकिटावर भाजल्याची तारीख लिहावी, आणि ठळक लिहावी.

चव हाही हिशेबच आहे

मानवत किंवा सेलूच्या मोंढ्यात जाणता माणूस कापूस कसा घेतो? बोंडातली पुंजकी हातात धरून ओढतो, धाग्याची लांबी पाहतो, मुठीत दाबून ओल पाहतो, कचरा किती ते पाहतो आणि भाव बोलतो. त्याला आपण शौकीन म्हणत नाही, पारखी म्हणतो. कॉफी चाखणाराही तसाच पारखी आहे, आणि त्याची रीत ठरलेली आहे.

सारख्या आकाराचे पेले घ्यायचे. प्रत्येकात साधारण सव्वाआठ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी आणि त्यावर दीडशे मिलिलिटर पाणी, उकळी आल्यावर अर्धा-एक मिनिट थांबवलेले. दूध नाही, साखर नाही. चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने मोडायचा आणि त्याच वेळी नाक जवळ नेऊन वास घ्यायचा. मग फेस काढून टाकायचा, जरा निवू द्यायचे आणि चमच्याने जोरात फुर्रकन ओढायचे, म्हणजे ती सगळ्या जिभेवर पसरते. मोठ्यांसमोर असा आवाज करणे बेअदबी, पण येथे ते कामच आहे. गोडवा किती, आंबटपणा लिंबासारखा प्रसन्न की ताक बिघडल्यासारखा, कडूपणा किती वेळ टिकतो, गोणपाटाची, बुरशीची किंवा औषधाची चव येते का, हे वहीत लिहायचे. निवल्यावर पुन्हा चाखायचे. गरम असताना लपलेला दोष थंड झाल्यावर उघडा पडतो. जगभर या चाचणीला शंभर गुण असतात आणि ऐंशीच्या वर गेलेला माल उत्तम समजतात.

आमची सूचना अशी की, पेल्यांखाली नुसते आकडे लिहावेत, नावे झाकावीत आणि तीन माणसांनी वेगवेगळे लिहावे. भावाचा आणि नावाचा रुबाब जिभेवर चढतो. कापडातही गिऱ्हाईक आधी छाप पाहते, मग पोत.

दोन जाती एवढ्या माहीत असाव्यात. अरेबिका उंचावर होते, सुगंधी, नाजूक आणि महाग. रोबस्टा खालच्या उंचीवर होते, कडक, आणि तिच्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट. देशातील उत्पादनात रोबस्टाच जास्त आहे. आपल्याकडची कॉफी दुधाची. दुधात निव्वळ नाजूक अरेबिका हरवून जाते. चांगला, निवडलेला रोबस्टा काही भाग मिसळला तर दुधातही कॉफी कॉफीसारखी लागते. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

चिकोरी आणि इमान

चिकोरी म्हणजे एका झाडाचे मूळ. ते वाळवून, भाजून दळतात. आपल्याकडे ते मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात होते. त्याने काढ्याला गडद रंग आणि जाडी येते, आणि ते कॉफीपेक्षा स्वस्त पडते. दक्षिणेतल्या पुष्कळ घरांत ती चव आवडीने घेतात. तेव्हा चिकोरी म्हणजे भेसळ, असे आम्ही म्हणत नाही. टेरिकॉट हे कापड वाईट नाही. टेरिकॉटला शुद्ध सुती म्हणून विकणे वाईट.

कायदाही हेच सांगतो. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असलीच पाहिजे आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे. आता वाचकांनी घरातले पाकीट उलटून पाहावे. पुष्कळांना पहिल्यांदाच कळेल की ते निम्मे मूळ पीत होते. सुट्या पुडीत तर पाहायलाही काही नसते.

कापडात आम्ही धागा ओढून काडी लावतो. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा मणी होतो. कॉफीचीही अशीच सोपी परीक्षा आहे. काचेच्या पेल्यात थंड पाणी घ्यावे आणि वर चिमूटभर पूड सोडावी. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी लगेच खाली बसू लागते आणि जाताना पाण्यात तपकिरी रेघा ओढते. ही परीक्षा इन्स्टंटची नव्हे, दळलेल्या पुडीची. दुकानदाराने हा पेला गल्ल्यावर ठेवावा आणि गिऱ्हाईकासमोर करून दाखवावा. जाहिरातीवर हजारो रुपये घालण्यापेक्षा याचा असर जास्त होईल, आणि माल उघडा करून विकण्यातली बरकत आपल्याला कोणी शिकवायला नको.

पाणी, दूध आणि साधे भांडे

कॉफीच्या पेल्यात सर्वांत जास्त असते ते पाणी, आणि त्याचाच विचार सर्वांत कमी होतो. आपल्या भागात बोअरचे पाणी जड. चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो तोच थर महागड्या मशीनच्या नळ्यांत बसतो आणि मशीन बंद पडते. जड पाण्याने चवही मंद होते. उलट फिल्टरने सगळेच क्षार काढून टाकले तर कॉफी फिकी लागते. मध्यम, गोडे पाणी हवे.

सुरुवात करणाऱ्याने दोन-तीन लाखांच्या मशीनच्या मागे लागू नये. दक्षिणेतला पितळी किंवा स्टीलचा फिल्टर, दोन मजली भांडे, आपल्या गिऱ्हाइकाच्या दुधाळ चवीला अगदी योग्य आहे. वरच्या भांड्यात बारीक रव्याएवढी दळलेली ३० ग्रॅम पूड घालून हलकी दाबावी. नुकत्याच उकळून उतरवलेल्या २०० मिलिलिटर पाण्यातले थोडे आधी ओतून पूड भिजू द्यावी, मग बाकीचे ओतावे. पंधरा-वीस मिनिटांत खाली सुमारे १४० मिलिलिटर काढा उतरतो. त्यात तीन पेले होतात. दूध वेगळे तापवून काढ्यावर घालावे. काढा पुन्हा उकळला की संपला; चहाला जे चालते ते कॉफीला चालत नाही. आपल्या कारागिराची चहाची सवय मोडायला आठवडा लागेल, तेवढा धीर धरावा. ज्याला जायफळ हवे त्याने वरून किसून घ्यावे. आमचा विरोध नाही.

करारनामा आणि वही

आमच्या भाच्यापुढे मागच्या वर्षी एका कंपनीचा करारनामा आला. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही, कारण असे करारनामे बहुतेक एकाच साच्याचे असतात. सही करण्यापूर्वी त्याने तो आम्हाला दाखवला. पाने छत्तीस. नावासाठी एकरकमी रक्कम, विक्रीवर दरमहा टक्के, फर्निचर कंपनीच्या ठेकेदाराकडून, पूड, सरबते आणि कागदी पेलेही कंपनीकडूनच, कंपनी म्हणेल त्या भावाने. भिंतीचा रंग कोणता हे लिहिले होते. पण दाणा कोठला, कोणत्या जातीचा, कोणत्या महिन्यात भाजलेला, याबद्दल छत्तीस पानांत एक ओळ नव्हती. आम्ही भाच्याला एकच विचारले, "पाच वर्षांनी करार संपला, पाटी उतरवली, तर तुझ्या हातात कोणता हुन्नर उरेल?" त्याने सही केली नाही.

आता दुसरी वही पाहू. समजा, चांगला कच्चा दाणा घरपोच ५०० रुपये किलो पडला. १६ टक्के घट धरली तर ८४० ग्रॅम हाती आला, म्हणजे भाजलेला दाणा सुमारे ५९५ रुपये किलो. पेल्याला १० ग्रॅम धरले तर दाण्याचा खर्च सहा रुपयांच्या आत. दूध, साखर, गॅस, मजुरी, भाडे हे प्रत्येकाने आपल्या गल्लीच्या भावाने धरावे. पेला वीस-पंचवीस रुपयांना विकला तरी जगता येते, आणि याच भट्टीतून पाव किलोची पाकिटे विकता येतात, ज्यांना खुर्ची-टेबल लागत नाही. दिवसाला शंभर पेले म्हणजे फक्त एक किलो दाणा. एवढ्यासाठी लहान भट्टी पुरते. भट्टी घेणे जमत नसेल तर दोघा-तिघा दुकानदारांनी मिळून घ्यावी. आडतीत आपण भागीदारी करतोच.

साठेबाजीच्या मोहात मात्र पडू नये. २०२४ मध्ये ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला, व्हिएतनामलाही उन्हाचा फटका बसला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली. एवढा भाव पूर्वी कधी नव्हता. हा बाजार आपल्या आवाक्यातला नाही. शिवाय आपल्या उन्हात गोदामातला दाणा वाळतो, पावसाळ्यात ओल धरतो, आणि मसाल्याच्या पोत्याशेजारी ठेवला तर मसाल्याचा वास घेतो. महिना-दीड महिन्याचाच माल घ्यावा. तसेच इन्स्टंटशी भावात लढू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. ती स्वस्तच राहणार. आपण ताजेपणावर लढावे.

गिऱ्हाईक आहे का?

परभणी चहाची, येथे कॉफी कोण पिणार, असे म्हणणारे भेटतात. त्यांचे निम्मे खरे आहे. निजामाच्या राज्यापासून आपल्या जिभेला हैदराबादी चहाची सवय आहे आणि ती जाणार नाही. जावी असेही आम्हाला वाटत नाही. पण कॉफीवाल्याला सगळे शहर नको असते, दिवसाला शंभर पेले हवे असतात. कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी आहेत, शिकवणीच्या वर्गांची मुले आहेत, दवाखान्यांची वर्दळ आहे. रमजानमध्ये तरावीहनंतर बाजार रात्री उशिरापर्यंत जागा असतो. फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला थंडीतली गर्दी असते. दुकान घेण्याआधी तेथे महिनाभर एक टेबल, दोन फिल्टर आणि शेगडी घेऊन बसावे. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते की नाही, एवढेच पाहावे. पहिल्यांदा तर कोणीही येते.

शिकण्याची सोयही दूर नाही. कॉफी बोर्ड बंगळूरला 'कापी शास्त्र' नावाचा भाजणे-चाखणे-करणे शिकवणारा वर्ग घेते. आणि आपल्याच गावात, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, अन्न तंत्रज्ञानाचे महाविद्यालय आहे. तेथील प्राध्यापकांकडे जाऊन ओल कशी मोजावी, पाकीट कोणते वापरावे, हे आपल्यापैकी किती दुकानदारांनी विचारले? विद्या आपल्या दारात असताना आपण पाटी विकत घ्यायला पुण्या-मुंबईला जातो.

आमच्या तरुण बांधवांना एवढीच विनंती आहे. सही करण्यापूर्वी सहा महिने द्या. पाच किलो कच्चा दाणा आणा, लोखंडी कढईत पाव-पाव किलो भाजा, बिघडू द्या, वहीत वेळ आणि वास लिहा, घरच्यांना नावे झाकून चाखायला द्या. तेवढा खर्च एका चांगल्या खुर्चीच्या किमतीत भागतो. आणि वडीलधाऱ्यांना विनंती अशी की, मुलगा दुकानाचा नकाशा घेऊन पैसे मागायला आला तर नकाशा बाजूला ठेवा आणि त्याला दोन पेले करून आणायला सांगा, एक चांगल्या दाण्याचा आणि एक हलक्या दाण्याचा. कोणता कोणता हे त्याला न पाहता सांगता आले, तर मग पैशाचे बोलणे करा.